दिवेआगर–हरिहरेश्वर: आधी तिथी, मग समुद्र

दिवेआगरला पोचलो तेव्हा शुक्रवारचे साडेचार वाजून गेले होते. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा अशी पाच तासांची वाट, मागच्या सीटवर चौदा वर्षांचा भाचा आणि ‘अजून किती?’ हा एकच प्रश्न. घरगुती खोली घेतली होती तिथे बॅगा टाकल्या, चहा नको म्हटलं आणि वाडीतल्या वाटेने थेट पुळणीवर. घरमालकीण काकू पडवीतून काहीतरी ओरडून सांगत होत्या, पण ऐकायला कोणी थांबलं नाही.

किनारा सुरेखच आहे. सुरूचं बन, केवडा, वाळू दाबून बसलेली. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने इथल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या होत्या, पण वाड्या पुन्हा उभ्या राहिल्यात. सरबतवाल्याच्या निळ्या छत्रीसमोर चपला काढल्या आणि मी, मेहुणा आणि भाचा पाण्यात शिरलो. बायको आणि बहीण काठावरच बसल्या.

पाणी कमरेपर्यंत. दहा-बारा मिनिटांनी सहज वळून पाहिलं तर छत्री शंभरेक पावलं डावीकडे गेलेली. छत्री कशाला जाते, आम्हीच वाहत आलो होतो आणि पत्ता नव्हता. दोन्ही बाजूंना लाटा फेसाळून फुटत होत्या आणि मधे वीस-पंचवीस फुटांचा एक पट्टा एकदम शांत, पाणी जरा गढूळ. लाटांच्या थपडा खाऊन कंटाळलेला भाचा त्या शांत पाण्याकडे निघाला. मलाही ते बरं वाटलं, हे कबूल करतो. मागून शिट्टी आली. घोडागाडीवाला लगाम सोडून पाण्यापर्यंत धावत आला होता.

“अहो दादा, पोराला घ्या मागं! लाट फुटत नाही तिथं जायचं नाही!”

तोवर पाणी भाच्याच्या छातीला लागलं होतं. तो आमच्याकडे चालत येत होता, म्हणजे पाय हलत होते, पण होता तिथेच. मी त्याचा हात धरला आणि सरळ काठाकडे न ओढता आडवा, किनाऱ्याला धरून चालत राहिलो. ही माझी हुशारी नाही, घोडागाडीवाला हाताने तशी खूण करत होता. दहा-पंधरा पावलांवर लाट फुटत होती, तिथे पोचल्यावर त्याच लाटेने आम्हाला बाहेर ढकललं. सगळा प्रकार दोन मिनिटांचा. भाचा नंतर तासभर काही बोलला नाही.

प्रकार असा असतो: लाटांबरोबर काठाकडे आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूत एक खोलगट चर पाडतं. चरात पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही आणि नवख्याला ती जागा सुरक्षित वाटते. ही ओढ माणसाला खाली बुडवत नाही, आत नेते. बुडतो तो तिच्याविरुद्ध हातपाय मारून दमल्यामुळे. सापडलात तर अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून ओरडा आणि किनाऱ्याला समांतर सरका. चर जागा बदलतो, त्यामुळे ‘मागच्या वर्षी इथेच पोहलो होतो’ याला काही अर्थ नाही.

रात्री मोदक वाढताना काकूंनी विचारलं, “आज तिथी कोणती?” आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी म्हणजे पावणेचार. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरायचा. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे आम्ही पाण्यात उतरलो ते ओहोटीचं पाणी मागे वळल्यावर. “तेच सांगत होते मी पडवीतून,” काकू म्हणाल्या आणि आणखी एक मोदक वाढला. भरती-ओहोटीची अ‍ॅपं फोनवर मिळतात, पण अ‍ॅप उघडायची आठवण राहत नाही. पाऊणपट राहते.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. लहान मुलं घेऊन जायचं असेल तर मी आता भांगाचे दिवस बघेन. अर्थात भांगातही ओढ असते, आमची पंचमीच होती.

शनिवारी षष्ठी. भरती साडेचारला, ओहोटी साडेदहाच्या सुमारास. म्हणून साडेसातला निघालो आणि श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर गाठलं. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असा इथला दर्शनाचा क्रम. त्यानंतर प्रदक्षिणा. पायऱ्या चढून डोंगराच्या खिंडीतून उतरलं की एकदम समुद्रच समोर येतो आणि मग सगळी वाट काळ्या कातळावरून. एका बाजूला कडा, त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पडलेली, दुसऱ्या बाजूला पाणी. ओहोटीला ही वाट पाहून घ्यावी अशी आहे. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते आणि कडा चढून पळायला जागा नाही. इथे माणसं वाहून गेली आहेत, तसे फलकही आहेत, आणि फलकाला टेकून फोटो काढणारेही पाहिले.

आम्ही साडेनऊला उतरलो, अकराच्या आत बाहेर. कोरडा काळा कातळ बिनधास्त, हिरवा किंवा चमकणारा कातळ म्हणजे शेवाळ. मेहुण्याने रबरी स्लिपरवर भरवसा ठेवला आणि कालवं चिकटलेल्या दगडावर तळहात फाडून घेतला. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. लाटा सारख्या नसतात, पाच-सहा बारीक आल्या की एक दांडगी येते, म्हणून ओला झालेला कातळ म्हणजे समुद्राची हद्द समजा. समुद्राकडे पाठ करून सेल्फी नाही. पावसाळ्यात ही प्रदक्षिणा नाहीच.

दुपारी दिवेआगरला परतून अडीच ते चार पोहलो, भरतीच्या पाण्यात, गुडघा ते मांडीपर्यंत, छत्रीसमोर. बहीण काठावर उभी राहून फक्त डोकी मोजत होती, हातात फोन नाही. एका माणसाचं एवढंच काम असावं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, तो काही पावसाळा नव्हता. स्वच्छ ऊन असलं तरी दूरच्या वादळाच्या लाटा इथवर येतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, निघण्यापूर्वी बघून घ्या.

गोव्यात लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं असतं, जीवरक्षक बघत असतात. ती सवय घेऊन कोकणात येऊ नका. इथे जीवरक्षक कुठे असतो, कुठे नसतो. कोणी बुडताना दिसलं तर मागे उडी टाकू नका, बहुतेक वेळा एकाचे दोन होतात. रिकामा कॅन, शहाळ्यांच्या गाडीवरचा दोर, थर्माकोलची पेटी, जे तरंगेल ते फेका आणि गाववाल्यांना हाक मारा. ११२ पोलीस, १०८ रुग्णवाहिका, १५५४ तटरक्षक दल. खाडीच्या मुखाशी पाण्यात उतरू नका, ओहोटीला तिथली ओढ सगळ्यात वाईट. काठावर निळा फुगा (जेलीफिशसारखा जीव) पडलेला दिसला तर मेलेला समजून हात लावू नका, तो डसतो. दारू पिऊन पाण्यात जाणाऱ्यांबद्दल मी काय लिहू.

आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. रविवारी सकाळी एक पांढरी एसयूव्ही अर्ध्या चाकांपर्यंत रुतलेली होती. मालक फोनवर ओरडत होता, गावचा ट्रॅक्टर निवांत येत होता. काकूंचं गणित सव्वाअकराला ओहोटी सांगत होतं, म्हणून गाडी वाचली. आम्ही ते बघत शहाळी प्यायलो आणि मग शेखाडीच्या समुद्रकाठच्या रस्त्याने एक फेरी मारून, अंधाराच्या आत ताम्हिणी घाट चढायचा म्हणून एक वाजता निघालो. भाच्याने वाटेत विचारलं, नवमीला भरती किती वाजता? पावणेसात, मेहुणा म्हणाला. एका हाताला बँडेज होतं, म्हणून दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजून.