आमची वाटचाल: काजूच्या बागेतलं गवत आणि आमचे पंप

वडिलांनी १९९२ साली आमच्या भरडावर काजूची दोनशे कलमं लावली. रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना सुरू होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. सावंतवाडीपासून दोडामार्गापर्यंत ज्या उतारांवर आधी फक्त गुरं चरायची, तिथे एकामागून एक खड्डे पडत होते. मी आठवीत होतो. पावसाळ्यात शाळेतून आलं की कोयती घ्यायची आणि कलमांभोवतीचं गवत काढायचं, हे माझं ठरलेलं काम. आमच्याकडे याला बेणणी म्हणतात. आमचा आजचा धंदा म्हणजे हीच बेणणी, दुसऱ्यांच्या बागांतली.

सुरुवात २००८ साली झाली. वाडीतली निम्मी तरणी मुलं गोव्यात कामाला, उरलेली मुंबईत. जुलैमध्ये बागेतलं गवत गुडघ्याला लागतं आणि नेमकी तेव्हाच असतील नसतील ती माणसं भाताच्या लावणीत गुंतलेली. मुंबईला राहणारे बागमालक गणपतीला गावी यायचे, बाग बघून कपाळाला हात लावायचे. रानमोडीचं तण डोक्याच्या वर गेलेलं, तीन वर्षांची कलमं आत कुठे आहेत ते शोधायला लागायचं. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी सोळा लिटरचे दोन पाठीवरचे पंप विकत घेतले आणि गवत मारायचं औषध फवारून देण्याची कामं घ्यायला लागलो. आठ माणसांचं दोन दिवसांचं काम आम्ही दोघे एका दिवसात उरकायचो. लोकांना ते हवंच होतं.

औषध मारणं सोपं आहे असं आम्हाला वाटत होतं. पहिल्याच पावसाळ्यात एका बागेत ओहोळाचं पाणी भरून फवारणी केली. बारा दिवसांनी मालकाचा फोन आला, गवत हिरवंगार आहे म्हणून. आम्ही दुकानदाराशी भांडून आलो की डबा बनावट आहे. डबा चांगला होता. आमचे ओहोळ पावसात तांबडे वाहतात आणि आमचं औषध, म्हणजे ग्लायफोसेट, मातीच्या बारीक कणांना घट्ट चिकटतं. एकदा चिकटलं की ते पानात शिरत नाही. म्हणजे आमचं औषध गवतावर पडण्याआधी टाकीतच संपलं होतं. तेव्हापासून विहिरीचं पाणी ड्रमने नेतो आणि तेही कापडातून गाळून घेतो.

पुढचा धडा पावसाने दिला. हे औषध पानातून आत जातं, तिथून मुळापर्यंत उतरतं, आणि वाढीला लागणारी काही द्रव्यं झाडाला बनवू देत नाही. म्हणून गवत लगेच मरत नाही, आठ-दहा दिवसांनी पिवळं पडतं. पण पानात शिरायला त्याला काही तास कोरडे लागतात. आषाढात सलग कोरडे तास कुठून आणणार? उघडीप दिसली म्हणून फवारायला घ्यायचं आणि तासाभरात सर यायची. मजुरी गेली, औषध गेलं, आणि ते औषध गेलं कुठे तर खालच्या व्हाळात, जिथे बायका कपडे धुतात. हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही. त्याचं वाईट आज वाटतं.

पॅराक्वाट नावाचं दुसरं तणनाशकही वापरलं. ऊन असेल तर एका दिवसात गवत करपतं, मालक खूश होतो. पण ते मुळापर्यंत जात नाही, त्यामुळे लव्हाळा आणि हरळी पंधरा दिवसांत पुन्हा मान वर काढतात. ते आम्ही सोडलं त्याचं कारण मात्र वेगळं. एका बागेच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, खिडकीवर सरबताची बाटली दिसली, आत हिरवट निळं पाणी. कोणीतरी उरलेलं औषध त्यात ओतून ठेवलं होतं. त्याच मांगरात गड्याची दोन पोरं खेळत होती. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ती बाटली मी स्वतः उचलली आणि त्या दिवसापासून पॅराक्वाटचा एकही डबा आमच्या गाडीत चढला नाही.

आता २०१२ सालचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय आमची वाटचाल खरी होणार नाही. एका बागेत वेंगुर्ला-७ ची तीन वर्षांची कलमं होती. काजूच्या या जातीची बी मोठी, एकेक सुमारे दहा ग्रॅमची, त्यामुळे मालकाने फार हौसेने लावलेली. सप्टेंबरचे दिवस होते. फवारा बाजूला उडू नये म्हणून नोझलला लावायची टोपी गवतात अडकते, म्हणून आमच्या मुलांनी काढून ठेवली आणि मीही काही बोललो नाही. दुपारनंतर वारा सुटला. शिवाय बऱ्याच कलमांना जोडाखालून फूट आली होती. ती आधी छाटायला हवी होती, आम्ही तिच्यावरूनच पंप फिरवला. कोवळ्या कलमाची साल हिरवी असते आणि औषध हिरव्या सालीतूनही आत जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत गवत छान मेलं. दिवाळीच्या सुमाराला कलमांना पालवी आली ती दोरीसारखी बारीक, टोकाला झुपका झालेली. एकंदर अडतीस कलमं बिघडली, त्यातली अकरा पुढच्या मे महिन्यापर्यंत वाळली. आम्ही नवी कलमं आणून लावून दिली. पण मालकाची तीन वर्षं कुठून आणून देणार? ते आमच्यावर ओरडले नाहीत. ‘पुढल्या वर्षी येवच्या आधी बघून घेवा’, एवढंच म्हणाले. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर टोपीशिवाय पंप सुरू करायचा नाही, वारा असेल तर काम थांबवायचं, जोडाखालची फूट आधी छाटायची, असे नियम केले. काम सुधारलं. तरीही मूळ गोष्ट हातातून सुटलेलीच होती, आणि ती दाखवली माझ्या पुतणीने. ती तेव्हा कृषी पदवीचं शिकत होती. सुट्टीत गोदामात बसून तिने डब्याबरोबर येणारं घडीचं माहितीपत्रक उलगडलं आणि मला विचारलं, ‘काका, यात काजू कुठे आहे?’ पत्रकात लिहिलं होतं: चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा. बस्स. सात वर्षं मी ते औषध काजूच्या आळ्यात मारत होतो आणि एकदाही तो कागद वाचला नव्हता. ‘सगळेच मारतात’ हे माझं उत्तर होतं. ते तिला पटलं नाही, आणि बोलून झाल्यावर मलाही पटेना.

ते २०१५ साल होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. त्या वादात निकाल देण्याइतका मी शिकलेला नाही. पण काजूच्या धंद्यातल्या माणसाने कासरगोड विसरू नये असं मला मनापासून वाटतं. केरळच्या त्या जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. ते तणनाशक नव्हे, ढेकण्या या किडीसाठीचं कीटकनाशक, पण झाड आपलंच आणि डोंगरउतारही आपल्यासारखाच. खालच्या वाड्यांतल्या मुलांचं जे झालं ते सगळ्या देशाने पाहिलं. २०११ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. वरून मारलेलं खाली जातं. आमच्या व्हाळाची आठवण मला तेव्हा आली.

मग आम्ही बाहेर काय चालतं ते बघू लागलो. कॅलिफोर्नियात बदामाच्या बागांत झाडांच्या ओळीत तणनाशकाचा पट्टा मारतात आणि मधल्या जागेतलं गवत यंत्राने कापतात. बदाम हलवून जमिनीवर पाडतात आणि झाडून गोळा करतात, म्हणून त्यांना खालची जमीन स्वच्छ लागते. हे आपल्यासारखंच: काजूचीही पिकून पडलेली बोंडं उचलून बी वेगळी करायची असते, गवतात पडलेली बी हाताला लागत नाही. तेवढं बघून मला आधी वाटलं, आपणही हेच करावं. पण त्यांच्या बागा सपाट आणि उन्हाळा जवळपास कोरडा. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जमीन उताराची, जांभ्यावर हातभर माती. ती उघडी केली तर पहिल्या झडीतच चरातलं पाणी तांबडं होतं. आम्ही फवारलेल्या बागांतून ते तसं वाहताना मी पाहिलंय. काजू हे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, ते माती धरून ठेवायला म्हणून लावत असं सांगतात. त्याच झाडाखालची माती आम्ही मोकळी करत होतो. शिवाय तिकडच्या बागांत काही तणं आता ग्लायफोसेटला दाद देत नाहीत. वर्षानुवर्षं एकच औषध मारलं की त्यातून वाचलेल्याच तणाचं बी पुढे वाढतं.

उत्तर घराजवळच होतं. वडिलांच्या बागेत झाडं वीस वर्षांच्या पुढे गेली होती आणि त्यांच्याखाली गवत नव्हतंच, नुसता पातेरा, गळलेल्या पानांचा थर. आमचा जुना गडी म्हणायचा, ‘सावळी पडली काय गवत आपसूक जाता.’ मी हिशेब मांडला. सात बाय सात मीटरवर लावलं तर हेक्टरी साधारण दोनशे झाडं बसतात. लहान कलमाला दीड मीटर त्रिज्येचं आळं धरलं तर एकेक आळं सात चौरस मीटरचं, सगळी मिळून चौदाशे. हेक्टर दहा हजार चौरस मीटरचं. म्हणजे कलमाच्या घासात वाटेकरी होणारं गवत जेमतेम सातव्या हिश्श्यात, आणि पंप आम्ही सातही हिश्श्यांवर फिरवत होतो.

तेव्हापासून बागेच्या आत औषध बंद. पहिली चार-पाच वर्षं आळं हातानेच बेणतो. ग्रास कटरची दोरी कलमाच्या सालीला लागली तर साल गोल सोलली जाते आणि कलम जातं, म्हणून आळ्यात यंत्र न्यायचं नाही. बेणलेलं गवत आणि पातेरा आळ्यातच अंथरतो, खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. ती जागा उघडी असली की रोठ्याने, म्हणजे खोड पोखरणाऱ्या किडीने, पाडलेला भुस्सा लगेच दिसतो. गवतात तो दिसत नाही आणि झाड वाळायला लागल्यावरच मालकाला कळतं. दोन ओळींमधलं गवत ग्रास कटरने वर्षातून दोनदा कापतो, गणपतीच्या आगेमागे एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, आणि मुळं जमिनीत तशीच राहू देतो. कापताना जांभ्याचे खडे उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा नसेल त्या माणसाला आम्ही मशीन देत नाही. रानमोडी मात्र कापून भागत नाही. ती हिवाळ्यात फुलते, बी वाऱ्यावर जातं, म्हणून ऑक्टोबरच्या आत मुळासकट खणून काढावी लागते. ज्यांना जमतं त्यांनी मधल्या जागेत सुरण, हळद, अननस लावावं असं आम्ही सांगतो. मोकळ्या जागेत गवतच येणार.

हे फवारणीपेक्षा महाग पडतं. पहिल्या दोन वर्षांत जवळपास निम्मी गिऱ्हाइकं गेली आणि दोन मुलांना वर्षभर काम देता आलं नाही. ते दिवस कठीण होते. जी गिऱ्हाइकं राहिली त्यातल्या एका घरची आजी सुरुवातीला मला भेटायची तेव्हा एकच विचारायची, ‘टाकळो खंय गेलो रे?’ आमच्या फवारणीने तिच्या गडग्याजवळचा टाकळा आणि कुर्डू गेला होता. पहिल्या पावसात त्या घरात आठवड्याला दोनदा तीच भाजी व्हायची. आता तिच्या बागेत टाकळा पुन्हा येतो, आणि कटर चालवणाऱ्या मुलांना आधी तो पट्टा दाखवून मगच आम्ही मशीन सुरू करतो.

पंप आम्ही विकले नाहीत. बागेच्या कडेचे रस्ते, गडग्याची बाहेरची बाजू आणि वणव्याची पट्टी या बिनपिकाच्या जागा, तिथे ते वापरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एक ठिणगी पडली तर दहा वर्षांची बाग तासाभरात जाते, म्हणून पट्टी हवीच. पण औषधाने मेलेलं गवत उभंच वाळतं आणि आगीला तेच आधी लागतं. ते कापून ओढून काढलं तरच पट्टी झाली म्हणायची. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक कीड नियंत्रण ऑपरेटरांनीच वापरावं. पुतणी तोवर पदवी घेऊन आमच्याबरोबर आली होती. तिने प्रशिक्षण घेतलं, परवाना तिच्या नावाने काढला. आता कुठल्या जागेवर पंप जाईल आणि कुठल्या नाही, याचा शेवटचा शब्द तिचा. मीही तिला विचारूनच टाकी भरतो.

आज आम्ही नऊ माणसं आहोत, सहा ग्रास कटर आणि चार पंप. बाग दाखवायला बोलवाल तर फोनवर आधी तीन गोष्टी सांगा: कलमांचं वय, उतार कसा आहे, आणि खाली व्हाळ किंवा विहीर किती जवळ आहे. झाडं दहा वर्षांच्या वरची आणि नीट भरलेली असतील तर बहुतेक दिवाळीनंतरची एक कापणी पुरते, मग पावसाळ्यातल्या कामाचे पैसे आम्ही घेत नाही. लहान कलमं असतील तर मृग लागायच्या पंधरा दिवस आधी कळवा. लावणी सुरू झाल्यावर आमचीही माणसं आपापल्या शेतात असतात.