सेंद्रिय आहे ना, मग काय होतंय?

घरी तंबाखू लावून सिगार कशी करता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी घरी तंबाखू लावतो हे मी आपणहून बोलत नाही, कारण पुढचं संभाषण ठरलेलं असतं. नाशकात मखमलाबाद रोडला आमच्या गल्लीत येणारा-जाणारा कंपाउंडवरून डोकावतो, हातभर लांब पानं बघतो आणि विचारतो, “ही कुठली भाजी?” तंबाखू आहे, घरीच सिगार वळतो म्हटलं की आधी हसतो. मग म्हणतो, “फवारणी-बिवारणी नाही ना? सेंद्रिय आहे ना? मग काय होतंय! एखादी आम्हालाही द्या की.”

मी देत नाही. हा कंजूसपणा आहे असं गल्लीत मत आहे, ते असू दे.

छापखाना बंद केल्यावर हाताला काम हवं होतं. चाळीस वर्षं कागद हाताळला. पावसाळ्यात कागद ताणतो, उन्हाळ्यात कुरकुरतो, ते बोटांना कळतं. पान वाळवणं म्हणजे त्यातलाच प्रकार असेल असं वाटलं. शिवाय घरात तंबाखू काही नवी नव्हती. आजी सकाळी तव्यावर मिश्री भाजायची आणि त्या खाटाने अख्खं घर शिंकत उठायचं. सिन्नरची मावशी विड्या वळायची. सिन्नरला तेव्हा घरोघरी मांडीवर सूप असलेल्या बायका दिसत. तेव्हा या पानाची भीती किंवा अप्रूप, दोन्ही मला नव्हतं.

बी मात्र बघण्यासारखं असतं. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे. त्यापुढे खसखस म्हणजे बोरं. चिमूटभर बी बारीक वाळूत मिसळून वाफ्यावर भुरभुरायचं आणि वर माती अजिबात लोटायची नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. पहिल्या वेळी मी सवयीने वर बोटभर माती घातली आणि तीन आठवडे नुसतं ओल्या मातीला पाणी घातलं. दुसऱ्यांदा फडक्यावरून पाणी शिंपडलं, तेव्हा दहाव्या दिवशी वाफ्यावर हिरवी बुरशी आल्यासारखं दिसलं. बुरशी नव्हती, रोपं होती.

ते बी निपाणीकडचं होतं. निपाणीचं नाव आमच्या पिढीला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १९८० साली आमच्याकडे कांद्याचं आंदोलन पेटलं आणि पुढच्याच वर्षी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला; गोळीबार झाला, शेतकरी मेले. तर त्या मुलखातली तंबाखू ही विडीची. विडीत ती चिमूटभर असते. मी तिची अंगठ्याएवढी सिगार वळली, चार झुरके मारले आणि पायरीवरच बसून राहिलो. समोरचं शेवग्याचं झाड बराच वेळ फिरत होतं.

मग मेहुण्याने आंध्रातल्या राजमहेंद्रीहून दुसरं बी आणलं. तो तिथे नोकरीला होता. आपण नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतो, गंगेवर जाऊन येतो, आणि ती रामकुंडाच्या पुढे कुठे जाते याची फारशी चौकशी करत नाही. ती पार आंध्रात जाते आणि समुद्राआधी तिच्या पात्रात गाळाची बेटं तयार होतात. त्यांना तिकडे ‘लंका’ म्हणतात. पूर ओसरला की त्या गाळावर तंबाखू लावतात. लंका तंबाखू म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि तिचे चिरूट होतात. चिरूट हा शब्दही दक्षिणेतलाच, तमिळमधल्या ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळीवरून आलेला. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या बायका तो पेटता भाग तोंडात धरून ओढतात, हे मेहुण्याने सांगितलं तेव्हा मी थापा समजलो होतो. खरं आहे ते. तंबाखूची केंद्रीय संशोधन संस्थाही १९४७ साली राजमहेंद्रीतच निघाली. म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरातून निघालेल्या पाण्याच्या शेवटाला हे पीक उभं असतं, आणि मी त्याचं बी उचलून वरच्या टोकाला आणलं. बायको म्हणाली, “गंगेला उलटं वाहायला लावलंत.”

आता सेंद्रिय. रासायनिक काही घालायचं नाही एवढं ठरवलं होतं, बाकी अक्कल नव्हती. पोल्ट्रीवाल्या मित्राने ट्रेलरभर कोंबडीखत दिलं. झाडं अशी माजली, की माझ्या छातीला लागली. पानं काळपट हिरवी, जाड. वाळल्यावर ती जळेनात! काडी लावली की कडेने काळी पडायची आणि विझायची. नत्र जास्त झालं होतं आणि कोंबडीखतातलं क्लोराइडही नडलं. तंबाखूला पालाश, म्हणजे पोटॅश, लागतो, पण क्लोराइडवाला नको. ते पानात साठलं की पान विस्तव धरत नाही. बोअरचं खारं पाणी दिलं तरी तेच. तेव्हापासून जुनं शेणखत, चुलीतली राख आणि नळाचं पाणी, बस.

अळीचं तर विचारूच नका. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं अग्निअस्त्र हे कीडनाशक तुमच्यापैकी शेतीवाल्यांनी बनवलं असेल: गोमूत्रात कडुनिंब, हिरवी मिरची, लसूण आणि तंबाखू उकळायची. म्हणजे शेजारच्या टोमॅटोवरची अळी जिने मरावी, तीच माझ्या वाफ्यात उभी. आणि तिच्यावर अळ्या मजेत चरतायत. पुस्तकात त्या अळीचं नावच ‘तंबाखूवरची अळी’ आहे. रात्री बॅटरी घेऊन एकेक वेचायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. भाद्रपदात माझा रोजचा कार्यक्रम हाच.

कळी आली की शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे जोर पानात उतरतो. हे काम मी एकदा पहाटे, दव असताना, बनियनवर केलं. बोटांना डिंकासारखा काळा चिकटा बसला, दंड ओले झाले. दहाच्या सुमाराला मळमळायला लागलं, अकरा वाजता उलट्या, कपाळावर गार घाम. बायकोला पित्त वाटलं, मला वाटलं हार्ट. भाची दातांची डॉक्टर आहे, तिला फोन लावला. तिने सगळं ऐकून विचारलं, “मामा, पानं ओली होती का?” दवात निकोटिन उतरतं आणि कातडीतून अंगात जातं, तंबाखूच्या शेतावर राबणाऱ्यांना हा त्रास होतो, त्याला रीतसर नावही आहे. मी तोपर्यंत एक झुरकाही मारलेला नव्हता.

इथे मला त्या सेंद्रियच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. निकोटिन हे झाडाने किड्यांपासून बचावासाठी स्वतःच बनवलेलं विष आहे. आपण वरून काही मारलं नाही, पण झाड आतून फवारून बसलेलं आहे. सेंद्रिय हा शब्द वाफ्यापुरता खरा. पान पेटलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड होतंच, ते खत कुठलं होतं हे विचारत नाहीत. हे झाड जमिनीतलं कॅडमियमही ओढून पानात साठवतं. आणि नायट्रोसामाइन नावाची, कर्करोग करणारी द्रव्यं तर पान सुकताना आणि मुरताना तयार होतात, म्हणजे नेमकं ज्या कामाचं मला कौतुक आहे त्याच कामात. सिगारचा धूर गिळायचा नसतो, तोंडातच घोळवायचा, म्हणून ती बरी, असंही सांगणारे भेटतात. भाचीसमोर सांगून बघा. ती म्हणते, “घोळवता म्हणूनच माझ्याकडे येता.”

वाळवणीत आणखी दोन वर्षं गेली. मित्राची कांदे साठवायची चाळ जानेवारीत रिकामी होती, तिथे दोऱ्या बांधून पानं टांगली. चाळ बांधलेली असते हवा खेळावी म्हणून. थंडीतलं आपलं कोरडं वारं तिच्यातून असं खेळलं, की चौथ्या दिवशी पानं पापडासारखी वाळली आणि हिरवीच राहिली. पान मरायला वेळ लागला पाहिजे: हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी, महिना-दीड महिना. झटक्यात वाळलं की हिरवा रंग आत अडकतो आणि धूर जाळलेल्या गवतासारखा कडू लागतो. आता मी रोपं जूनमध्येच टाकतो, म्हणजे पानं पावसाळा सरता सरता उतरतात, आणि मागच्या खोलीत ओली गोणपाटं लावून टांगतो. खोलीत शिरल्यावर पान चामड्यासारखं मऊ लागलं पाहिजे, कागदासारखं वाजता कामा नये. इथे छापखाना उपयोगी पडला.

नंतर मुरवणं. कारखान्यात पानांच्या मोठ्या राशी घालतात आणि त्या आपोआप तापतात. माझ्या दीड किलोची रास कसली, जुडी. म्हणून बंद पडलेल्या फ्रिजमध्ये बल्ब, पाण्याचं पातेलं आणि अंडी उबवायच्या पेटीचा थर्मोस्टॅट बसवला. ५० अंशांच्या आसपास पाच आठवडे. पहिल्या आठवड्यात अमोनियाचा असा दर्प सुटला, की बायकोने फ्रिज अंगणात काढायला लावला. एका वर्षी पानांवर पांढरं आलं. द्राक्षवाला मित्र बघून म्हणाला, “भुरी आलीय, गंधक मार.” त्याला सगळीकडे द्राक्षावरची भुरीच दिसते.

वळायला मावशीकडे नेतो. ऐंशी ओलांडलीय, पण बोटं अजून चालतात. मधली शीर ओढून काढायची, आत घडी घातलेली अखंड पानं, त्यावर एक बांधणीचं पान आणि सगळ्यात बाहेर बिनभोकाचं, बिनडागाचं एक. तशी तीस झाडांत दहा-बारा पानं मुश्किलीने निघतात, बाकी अळीची. टोक चिकटवायला मी बाइंडिंगची गव्हाची खळ वापरतो. मावशीने पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाली, “एवढी जाड विडी? बैल ओढणारे का?”

म्हणजे तीस झाडांतून धड सिगार निघतात दहा-बारा. मी वर्षाला तीन ओढतो, चौथी भाचीला कळू देत नाही. उरलेल्या पत्र्याच्या डब्यात. तुम्ही मागितलीत तर रोप देईन, बी देईन, चार दिवस बसून वाळवणी शिकवीन. सिगार नाही देणार. सेंद्रिय आहे म्हणून मागणाऱ्याला तर नाहीच.

यंदाची पहिली मावशीला दाखवली. तिने ती कानाशी नेऊन दोन बोटांत दाबली, नाकाला लावली आणि परत दिली. “ओल आहे अजून. शिमग्यापर्यंत हात लावू नको.” डबा कपाटावर ठेवलाय.