पर्ड्यूच्या मागे एक अख्खा हिवाळा: बिग टेनचे बास्केटबॉल सामने मैदानात जाऊन बघणाऱ्यांसाठी

२३ फेब्रुवारी २०२५, रविवारची दुपार, ब्लूमिंग्टन. कॉलेज बास्केटबॉलचा सामना. मध्यंतराला आमचा पर्ड्यू, म्हणजे पर्ड्यू विद्यापीठाचा पुरुषांचा संघ, ३७-२५ असा पुढे होता. भाचा म्हणाला, "मावशी, आजचा आपलाच." मी गप्प राहिले. सलग तीन सामने हरून संघ इथे आला होता आणि समोर होता इंडियाना विद्यापीठाचा संघ, म्हणजे सख्ख्या शेजाऱ्याशी जुनं वैर. दुसऱ्या हाफमध्ये इंडियानाने ४८ गुण केले, आपण २१. सामना ७३-५८ असा गेला. शेवटची दहा मिनिटं शेजारच्या खुर्चीवर बसलेला भाचा काय बोलतोय ते मला ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलताना दिसत होते.

तरीही मला कुणी विचारलं की त्या मोसमातला कुठला एकच सामना पुन्हा बघशील, तर मी हाच सांगेन. घरच्या मैदानावर आपण आपला संघ साजरा करतो. तो खरा कसा आहे हे परक्याच्या मैदानावर कळतं, तेही फेब्रुवारीत, पाय थकलेले असताना. म्हणून घरचे सगळे सामने बघून समाधान मानू नका, निदान दोन तरी बाहेरचे बघा.

मी इंडियानापोलिसला राहते. लहानपणी नागपुरात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळायचे, गुडघे फोडून घ्यायचे, त्यामुळे खेळाची ओढ जुनीच. भाचा पर्ड्यूला इंजिनिअरिंगला आला आणि त्या ओढीला एक संघ मिळाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये हा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि कनेटिकटकडून ७५-६० असा हरला. सात फूट चार इंचांचा झॅक ईडी त्यानंतर एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला. आता तो नसताना काय होणार, या काळजीपोटीच मी ठरवलं की २०२४-२५ चा मोसम टीव्हीवर नाही, मिळतील तेवढे सामने जागेवर जाऊन बघायचे.

वेळापत्रक आधी समजून घ्या

बिग टेन ही अमेरिकी विद्यापीठांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या संघांचा गट. तिच्यात आता दहा नाही, अठरा संघ आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन आले. प्रत्येक संघ कॉन्फरन्सचे वीस सामने खेळतो. तीन प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा, म्हणजे एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे, आणि उरलेल्या चौदांशी एकेकदाच. त्यामुळे एखादा चांगला संघ त्या वर्षी तुमच्या गावात येतच नाही, असंही होतं. पर्ड्यूचे ते तीन जोडीदार मिशिगन, इंडियाना आणि रटगर्स होते. मला यातच खरी मजा आली. मिशिगनला जानेवारीत ९१-६४ असं लोळवलं आणि अडीच आठवड्यांनी त्यांच्याकडे जाऊन ७५-७३ असं हरलो. माणसं तीच, फक्त छप्पर वेगळं.

मोसमाचा हिशोबही हेच सांगतो. कॉन्फरन्समध्ये १३ विजय, ७ पराभव. घरी दहापैकी आठ जिंकले, बाहेर दहापैकी पाच. दोन किंवा तीनच सामने बघायचे असतील तर एका जोडीदाराचे दोन्ही सामने बघा, म्हणजे घर आणि बाहेर यातला फरक अंगावर येतो. पश्चिम किनाऱ्याचा दौरा मी सोडला. वॉशिंग्टन आणि ओरेगन हे दोन्ही सामने चार दिवसांत होते आणि दोन्ही आपण जिंकलो. पण विमान, हॉटेल आणि सुट्ट्या यांचं गणित जमलं नाही. ज्यांचे नातेवाईक सिएटलला आहेत त्यांनी जरूर बघावा.

मॅकी अरेना, वेस्ट लाफायेट

हे पर्ड्यूचं घरचं मैदान. बाहेरून ही इमारत बुटकी आणि गोल दिसते, एखादी झाकण घातलेली कढई ठेवावी तशी. आत गेल्यावर त्या झाकणाचं काम कळतं. छताला अॅल्युमिनियम आहे, आणि जवळपास पंधरा हजार माणसांचा आवाज वर जाऊन तसाच खाली येतो. १९६७ च्या डिसेंबरमध्ये इथला पहिला सामना झाला, तो यूसीएलएशी. त्यांचे प्रशिक्षक जॉन वुडन स्वतः पर्ड्यूचे माजी खेळाडू. यूसीएलए ७३-७१ ने जिंकलं. आता तोच संघ दरवर्षीचा कॉन्फरन्समधला भाऊबंद झालाय, याचं मला अजून नवल वाटतं.

तिकिटांबद्दल स्पष्ट सांगते. मोसमाची तिकिटं वर्षानुवर्षं त्याच घरांत असतात, त्यामुळे तुम्हाला बहुधा पुनर्विक्रीचीच घ्यावी लागतात. इंडियानाविरुद्धच्या सामन्याचा भाव शेवटच्या दिवशी उतरेल या आशेवर थांबू नका, तो उतरत नाही. उलट आठवड्याच्या मधल्या दिवशी, तळाच्या संघाविरुद्ध, बाहेर बर्फ पडत असेल तर दुपारपर्यंत थांबलात तरी चालतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असाच सामना निवडावा. गर्दी जवळपास तेवढीच असते.

एका सामन्याला दाराशी फोनला रेंजच मिळेना. तिकीट उघडेना, मागे रांग, बोटं गारठलेली. वीस मिनिटं गेली आणि खेळाडूंची ओळख करून देतात तो सोहळा चुकला. तेव्हापासून घरातून निघायच्या आधीच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवते. स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नका. मोठी पर्स घरीच ठेवा किंवा पारदर्शक पिशवी घ्या. नियम प्रत्येक अरेनाचे वेगळे आहेत, ते आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघून घ्या.

इंडियानापोलिसहून आय-६५ महामार्गाने साधारण ६५ मैल, सव्वा तास. शिकागोकडून येणाऱ्यांना दोन तासांपेक्षा थोडं जास्त लागतं, आणि त्यांच्या वाटेवर पवनचक्क्यांचा मोकळा पट्टा लागतो. तिथे वारा बर्फ रस्त्यावर आडवा ओढत आणतो, रात्री परतताना तिथे वेग कमी ठेवा. अरेनाजवळचे पार्किंग बहुतेक देणगीदारांसाठी राखीव असते. नॉर्थवेस्टर्न अव्हेन्यूच्या बाजूला पार्किंगच्या इमारती आहेत, तिथे दीड तास आधी पोचा. वेळ उरला तर ट्रिपल एक्स या १९२९ पासूनच्या उपाहारगृहात रूट बिअर प्या. ती दारू नव्हे, मुलांनाही चालते. चालायची तयारी असेल तर नील आर्मस्ट्राँगचा पुतळाही बघा. तो इथलाच विद्यार्थी.

विद्यार्थ्यांच्या गटाचं नाव पेंट क्रू. भाचा तिथे उभा असतो, मी वर बसते. २१ जानेवारीला ओहायो स्टेटने आम्हाला घरात येऊन ७३-७० असं हरवलं होतं. तीनच दिवसांनी मिशिगन आलं, दोन सात-फुटी खेळाडू घेऊन. लोक आधीच चिडलेले होते. त्या रात्री आमचा ब्रेडन स्मिथ मैदानात काय करतो ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो. इथे मी चेंडू सोडून त्याचा जोडीदार ट्रे कॉफमन-रेन याच्याकडे बघत बसले. तो वर येतो, स्मिथवरच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, आणि स्मिथ त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो, मध्ये कागद जाणार नाही इतका. बचाव करणाऱ्या दोघांना क्षणभर कळत नाही की कुणी कुणाला धरायचं. तेवढ्यात कॉफमन-रेन वळून बास्केटकडे निघालेला असतो आणि चेंडू आधीच हवेत असतो. हेच, पुन्हा पुन्हा, चाळीस मिनिटं. आपल्याकडे जुना गवई एकच जागा वेगवेगळ्या अंगाने घेतो, तसं.

नव्या माणसाने एवढं लक्षात ठेवावं: वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, हल्ल्याला तीस सेकंद, पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. एका हाफमध्ये समोरच्या संघाचे सात फाउल झाले की आपल्याला साध्या फाउललाही फ्री थ्रो, म्हणजे बास्केटवर बिनअडथळा फेकायची संधी, मिळायला लागते. पहिला आत गेला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. गर्दी पंचांवर का ओरडतेय हे कळायला या एवढ्या गोष्टी पुरतात. आणि खायला जायचं तर मध्यंतराच्या दोन मिनिटं आधी उठा, नाहीतर अर्धा वेळ रांगेतच जातो.

३१ जानेवारीला इंडियाना इथे आलं. ८१-७६ ने आम्ही जिंकलो, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत कुणाला बसवलं नाही. भाच्याचा आवाज दोन दिवस गेला होता, फोनवर नुसती फुसफुस.

ब्लूमिंग्टन

इंडियानाचं असेंब्ली हॉल १९७१ चं, सतरा हजारांवर माणसं बसतात. बहुतेक खुर्च्या मैदानाच्या लांब बाजूंना आहेत, बास्केटमागे थोड्याच, आणि त्या दोन बाजू इतक्या उभ्या चढतात की वरच्या ओळीत बसलं तर घाटाच्या कड्यावरून खाली गाव बघावं तसं मैदान दिसतं. गुडघे दुखत असतील किंवा उंचीची भीती असेल तर बाल्कनीचं स्वस्त तिकीट घेऊ नका. थोडे जास्त पैसे द्या आणि खालचा मजला घ्या. आईवडील भारतातून आलेले असतील तर हे विशेष लक्षात ठेवा.

एका टोकाला पाच राष्ट्रीय अजिंक्यपदांची निशाणं लटकतात: १९४०, १९५३, १९७६, १९८१, १९८७. १९७६ चा संघ एकही सामना हरला नव्हता, आणि पुरुषांमध्ये त्यानंतर कुणालाही ते जमलेलं नाही. इंडियानाच्या जर्सीवर खेळाडूंची नावं नसतात, फक्त नंबर. मला हे फार आवडलं. प्रतिस्पर्धी असलो तरी मान द्यावा अशी ही जागा आहे.

आम्ही दोघं काळ्या-सोनेरी स्वेटरमध्ये, चहूबाजूंनी लाल. शेजारच्या आजींनी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पँट घातली होती, त्यांच्या खेळाडूंच्या सरावाच्या पँटसारखी. त्यांनी आम्हाला सरकून जागा दिली आणि भाच्याला विचारलं, अभ्यास कसा चाललाय. त्यांचे प्रशिक्षक माइक वूडसन मोसम संपल्यावर जाणार हे त्याच महिन्यात जाहीर झालं होतं, आणि ते स्वतः याच मैदानावर खेळलेले. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचे गुण चढायला लागले तेव्हा आजी उठल्या त्या बसल्याच नाहीत. एका टाइमआउटला बँडने जलद चाल धरली आणि चीअरलीडर्स मोठाले झेंडे घेऊन मैदानाभोवती धावायला लागले. माझ्या पायाखालचं सिमेंट थरथरत होतं. आपला संघ चेंडू घेऊन येतोय, पण स्मिथने हात वर करून सांगितलेली चाल त्याच्याच माणसांना ऐकू जात नाहीये, हे मी वरून बघत होते. त्या पराभवाचं कारण मला कुठल्या विश्लेषणात वाचावं लागलं नाही.

परक्या मैदानावर आपले रंग बिनधास्त घाला, मला कुठेही त्रास झाला नाही. त्यांच्या फ्री थ्रोच्या वेळी मात्र ओरडू नका. सामन्यानंतर लगेच गाडीकडे धावू नका, तासभर वाहनं हलत नाहीत. चौथ्या रस्त्यावर तिबेटी, थाई, भारतीय अशी लहान लहान उपाहारगृहं ओळीने आहेत. गरम काहीतरी खा, मग निघा.

शँपेन

७ मार्चचा इलिनॉयचा सामना ८८-८० असा हरलो. वर्णन थोडक्यात: १९६३ चा काँक्रीटचा प्रचंड घुमट, तबकडी उतरल्यासारखा, आत सगळं केशरी, आणि त्यांच्या संघात लिथुआनिया-क्रोएशियाची मुलं, उत्तम नेमबाज. महत्त्वाचं आहे ते घड्याळ. शँपेन सेंट्रल वेळेत आहे, इंडियानापोलिस ईस्टर्न. जाताना एक तास मिळतो म्हणून आपण निवांत निघतो, येताना तोच तास जातो. आय-७४ ने दोन तासांचा रस्ता, पण घरी पोचायला साडेबारा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी काम असेल तर तिथेच मुक्काम करा.

कॉन्फरन्सची स्पर्धा त्या वर्षी आमच्याच गावात, गेनब्रिज फील्डहाउसला होती. मिशिगनने आम्हाला तिथे ८६-६८ असं बाहेर काढलं. ठिकाण दरवर्षी बदलू शकतं, ते आधी बघा. पूर्ण स्पर्धेचं तिकीट घेण्यापेक्षा एका दिवसाचं घ्या. आपला संघ हरला की बाकीचे दिवस नुसतं बसावं लागतं.

आता मला ईस्ट लान्सिंग, म्हणजे मिशिगन स्टेटचं गाव, करायचं आहे. २०२४-२५ ला तिथे आपण ७५-६६ असं हरलो आणि तो मी घरच्या सोफ्यावर बसून पाहिला, त्याची रुखरुख आहे. गाडीने चार तास, दोघांनी आळीपाळीने चालवायचं. भाच्याने आत्ताच सांगून ठेवलंय, त्या आठवड्यात परीक्षा असली तरी येणार. मी म्हटलं, आधी परीक्षेचं वेळापत्रक बघ, मग तिकिटं काढते. थर्मासमध्ये चहा माझा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी माझी. गाडीत मागे दोन जागा आहेत.