तुम्ही विचारलंत म्हणून : एक टन कास्टिंगचा कार्बन किती धरायचा?

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून कास्टिंग बनवणाऱ्या कारखान्याच्या, मालकाशी ओळख झाली की थोड्याच वेळात हा प्रश्न येतो. पुण्याच्या किंवा जर्मनीच्या ग्राहकाकडून एक तक्ता आलेला असतो, त्यात 'प्रति किलो उत्पादनामागे कार्बन' असा रकाना रिकामा असतो आणि तो आठवडाभरात भरून पाठवायचा असतो. "साहेब, साधारण किती धरायचं तेवढं सांगा, बाकीचं आमचा अकाउंटंट बघतोय की," असे मला सांगितले जाते. मी लगेच आकडा देत नाही, उलट चार्जशीट (भट्टीत कोणता माल किती घातला याची नोंद) आणि वजनकाट्याच्या पावत्या मागतो, याचे अनेकांना नवल वाटते. त्याचे कारण एकदा नीट लिहावे म्हणून हा लेख.

हा तक्ता तुमच्या दारात का आला, हे थोडक्यात सांगतो. कंपनीच्या उत्सर्जनाचे तीन भाग पाडण्याची रीत 'ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल'ने 2001 पासून रूढ केली. पहिल्या भागात आपल्या आवारात जळणारे इंधन येते, दुसऱ्यात विकत घेतलेली वीज आणि तिसऱ्यात पुरवठादारांकडून घेतलेल्या मालापासून विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंतचे बाकी सगळे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात पहिले दोन भाग अनिवार्य आणि तिसरा ऐच्छिक आहे, परंतु युरोपातले ग्राहक तिसऱ्याशिवाय समाधान मानत नाहीत. आणि ग्राहकाचा तिसरा भाग म्हणजे पुरवठादाराचा पहिला, दुसरा आणि शिवाय पुरवठादाराने स्वतः घेतलेला कच्चा माल.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. ग्रे आयर्नचा (नेहमीच्या ओतीव लोखंडाचा) एक टन 'ओके' माल, म्हणजे ग्राहकाकडे गेलेला आणि परत न आलेला माल, इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर, ओतला आहे असे समजा. यील्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूपैकी ओके माल झालेला भाग, 60 टक्के धरला तर तो एक टन हातात येण्यासाठी सुमारे 1667 किलो धातू वितळवावा लागतो. उरलेले 667 किलो रनर, रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचे साठे) आणि रिजेक्शनच्या रूपाने 'रिटर्न' म्हणून परत भट्टीत जाते. वितळवलेल्या टनामागे 600 युनिट वीज धरली तर नुसत्या वितळवण्याला 1000 युनिट लागतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे येथे 700 किलो झाले. सँड प्लांट, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग आणि फेटलिंगचे (कास्टिंगच्या साफसफाईचे) मिळून आणखी 400 युनिट धरले तर 280 किलो. नव्या धातूत 300 किलो पिग (खनिजापासून बनवलेले कच्चे लोखंड) आणि 700 किलो भंगार घेतले, तर भंगाराचे काही न धरता (का, ते पुढे येईल) पिगच्या प्रत्येक किलोमागे 1.8 किलो या दराने 540 किलो होतात. फेरोसिलिकॉन (लोखंडात सिलिकॉन वाढवण्यासाठी घालायचा मिश्रधातू) 20 किलो धरले तर त्याचे 200 किलो. बेरीज 1720 किलो. डिझेल, रेझिन आणि वाहतुकीची किरकोळ भर घातली की पावणेदोन टनांच्या पुढे जाते. भट्टीतली घट सोपेपणासाठी वगळली आहे. तुम्हाला आकडाच हवा होता तर हा आहे. पण यातली प्रत्येक संख्या मी गृहीत धरलेली आहे, तुमच्या फाउंड्रीची नाही.

ती तुमची झाल्यावर काय होते ते पाहा. यील्ड 60 वरून 50 टक्क्यांवर आला की 2000 किलो वितळवावे लागतात आणि विजेपोटी 140 किलो वाढतात. छतावर सौर पॅनेल बसवण्याविषयी माझ्याकडे पुष्कळ चौकशी होते. गेटिंग सिस्टिम, म्हणजे साच्यातल्या धातूच्या वाटांची रचना, बदलून रायझर लहान करण्याविषयी जवळजवळ कोणी विचारत नाही, कारण पॅनेलचा फोटो काढता येतो आणि लहान झालेल्या रायझरचा काढून कोणाला दाखवणार? पिगचे प्रमाण 300 किलोवरून 150 वर आणता आले तर एका फटक्यात 270 किलो कमी होतात, मात्र त्यासाठी भंगार स्वच्छ आणि एकसारखे मिळायला हवे, आणि सीआरसीच्या (पोलादी पत्र्याच्या स्वच्छ भंगाराच्या) गठ्ठ्यांचा भाव ऐकला की हा विषय बहुधा तिथेच संपतो.

फेरोसिलिकॉनचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. चार्जमध्ये ते दोन टक्केही नसते, म्हणून सगळे त्याकडे दुर्लक्ष करतात. ते बनवायला टनामागे साडेआठ हजार युनिटांच्या आसपास वीज लागते, आणि क्वार्ट्झमधला ऑक्सिजन काढण्यासाठी वापरलेल्या कोळशा-कोकपायी सुमारे चार टन कार्बन डायऑक्साइड निघतो तो वेगळाच. कोळशाच्या विजेवर बनलेला माल त्यामुळे टनाला दहा टनांच्या घरात जातो. भूतानमधून येणारा माल जलविद्युतेवर बनतो, त्यामुळे त्याच्या माथी मुख्यतः ते चार टनच राहतात. दोन्ही पोती दिसायला सारखी, रासायनिक विश्लेषणही सारखे. फरक फक्त खरेदीच्या बिलावरच्या उगमात असतो. आमच्या हिशेबात या एका बिलाने 120 किलोंचा फरक पडतो. म्हणून मी वर्षभराची खरेदी-बिले मागतो आणि व्यापाऱ्याने नुसते 'एफईएसआय' (फेरोसिलिकॉन) एवढेच लिहिले असेल तर मूळ उत्पादक कोण, ते शोधायला लावतो.

भंगाराच्या बाबतीत वाद अधिक होतात. प्रचलित पद्धतीत वापरून झालेल्या वस्तूंचे भंगार कोऱ्या पाटीने येते, म्हणजे त्याच्या पूर्वायुष्यातला कार्बन तुमच्या खाती पडत नाही. गोळा करणे, कापणे आणि वाहून आणणे एवढाच भार लागतो. या सवलतीमुळे 'आमचा माल 82 टक्के पुनर्वापरित आहे' असे दावे तयार होतात. वरच्याच उदाहरणात 700 किलो भंगार आणि 667 किलो रिटर्न मिळवून 1667 ने भागले की बरोबर 82 टक्के येतात. पण आपल्याच भट्टीतून निघून आपल्याच भट्टीत गेलेला धातू पुनर्वापरित म्हणून मोजायचा नाही, असे आयएसओ 14021 या मानकात स्पष्ट आहे. खरे उत्तर 1000 पैकी 700, म्हणजे 70 टक्के. 70 टक्के ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती तशीच लिहावी. रिजेक्शन वाढले की पुनर्वापराची टक्केवारी वाढते असे दाखवणारा हिशेब कोणत्याही जाणत्या ग्राहकापुढे टिकणार नाही.

ज्यांच्याकडे ही कागदपत्रे नसतात ते रुपयांवरून अंदाज काढतात: इतक्या लाखांचे लोखंड घेतले, गुणिले दर लाखामागे इतका कार्बन. मोठ्या कंपन्या आपल्या हजारो पुरवठादारांसाठी सुरुवातीला हेच करतात, आणि कोणत्या मालाकडे आधी पाहायचे हे ठरवण्यापुरते ते ठीक आहे. परंतु त्यात पिगचा भाव वाढला की एक किलोही जास्त न वितळवता तुमचा कार्बन वाढतो, आणि कमी कार्बनचा माल चार पैसे जास्त देऊन घेणारा माणूस कागदावर अधिक दोषी ठरतो. विकतच्या डेटाबेसमधला 'कास्ट आयर्न, युरोप' हा दर उचलणे हीदेखील तशीच गफलत आहे, कारण तिथली वीज आपल्यापेक्षा कितीतरी कमी कोळशावर चालते. मला साधा वस्तुमानाचा ताळेबंद अधिक विश्वासाचा वाटतो: सुरुवातीचा साठा अधिक खरेदी, वजा अखेरचा साठा, हे पाठवलेला माल आणि घट यांच्या बेरजेशी जुळले पाहिजे. जुळले नाही तर कार्बनचा हिशेब मी तिथेच थांबवतो.

सगळ्यात गोंधळ उडतो तो युरोपीय संघाच्या सीबॅममुळे, म्हणजे सीमेवर आकारल्या जाणाऱ्या कार्बन शुल्काच्या योजनेमुळे. ऑक्टोबर 2023 पासून तिचा नुसत्या अहवालांचा टप्पा होता आणि 1 जानेवारी 2026 पासूनच्या आयातीवर खरा आर्थिक भार आहे. ओतीव लोखंडाची पाइप फिटिंग्ज तिच्या यादीत आहेत. पण लोखंड-पोलादासाठी ही योजना केवळ थेट उत्सर्जन मोजते; विकत घेतलेली वीज शुल्कात धरत नाही, फेरोसिलिकॉनही यादीबाहेर आहे, पिग मात्र आत आहे. त्यामुळे आमच्या उदाहरणातले 1720 किलो तिथे अर्ध्या टनाच्या आसपास येतात. तोच माल, तीच भट्टी, तोच महिना. आयएसओ 14067 प्रमाणे उत्पादनाचा कार्बन मागणाऱ्या ग्राहकाला 1720 सांगायचे आणि सीबॅमचा अर्ज भरणाऱ्या आयातदाराला दुसरा आकडा द्यायचा, यात लबाडी काही नाही. मात्र कोणता आकडा कोणत्या सीमारेषेत आणि कोणत्या वर्षाच्या ग्रिडवर काढला आहे, हे त्याच्या शेजारी लिहिलेले असले पाहिजे.

शेवटी वाळूविषयी, कारण तक्त्यात तिला जागाच नसते. एक किलो धातू ओतायला चार-पाच किलो वाळू साच्यात बसते. बरीचशी पुन्हा वापरली जाते, पण बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी मिसळून काळी पडलेली, कोअरमधल्या (कास्टिंगमधली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या ठोकळ्यातल्या) रेझिनचे अंश असलेली काही वाळू रोज टाकावीच लागते. तिचा कार्बन इतका किरकोळ आहे की बेरजेत तो दिसतही नाही. पर्यावरणीय पदचिन्हाच्या युरोपीय पद्धतीत 16 प्रकारचे परिणाम मोजतात, पाणी आणि विषारीपणा त्यात येतात, तरीही ग्राहकाचा तक्ता एकाच रकान्यावर थांबतो. माझ्या अहवालात मी टाकलेल्या वाळूचे टन आणि ती कुठे नेऊन टाकली, हे दोन्ही वेगळ्या ओळीत लिहितो, ग्राहकाने विचारले नसले तरी.