बाबांची तारीख

बाबा गेले ते १६ मार्च २०१७ रोजी, संध्याकाळी साडेसातला. मृत्यूच्या दाखल्यावर तीच तारीख आहे. पण घरातल्या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, आजी-आजोबांच्या नावांखाली, दादाने निळ्या शाईने हिब्रू तारीख लिहिलीय : १९ आदार ५७७७. त्या दिवशी सकाळी १८ आदार होती. सूर्य मावळला आणि तारीख पालटली. आमचा दिवस संध्याकाळीच सुरू होतो. तासभर आधी गेले असते, तर त्यांची बरसी आम्ही कायम एक दिवस आधी केली असती.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्याचे. टेंभी नाक्याच्या शार हशामाईम सिनेगॉगच्या आसपासच वाढलो. (आजी सिनेगॉगला शेवटपर्यंत मशीदच म्हणायची; जुन्या लोकांच्या तोंडी तोच शब्द होता.) स्वयंपाकघरात कालनिर्णय आणि त्याच्या शेजारच्या खिळ्यावर हिब्रू तारखांचं कॅलेंडर. बाबांनी मला दोन्ही वाचायला शिकवलं, आणि दोन्ही सारख्याच आदराने.

आठवडा सोपा. वारांना नावंच नाहीत. योम रिशोन म्हणजे पहिला दिवस, तो रविवार. मग दुसरा, तिसरा, असं करत शुक्रवार सहावा. नाव एकट्या सातव्याला, शब्बाथ. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आमचे पूर्वज कोकणात आले, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी बैल सोडून ठेवले, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. हिब्रू विसरली, बरेच सण विसरले, शेमा ही प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. शब्बाथ मात्र सुटला नाही. मला याचं फार वाटतं. महिन्यांचा हिशोब ठेवायला जाणकार माणूस लागतो. सातापर्यंत मोजायला घरातली कोणतीही बाई पुरते. आईने शुक्रवारी मनुका भिजत घातल्या की आम्हा मुलांना कळायचं, उद्या शब्बाथ. त्याच मनुकांचं सरबत संध्याकाळी किद्दुशला, शब्बाथच्या आशीर्वादाच्या प्रार्थनेला.

महिने चंद्राचे, २९ किंवा ३० दिवसांचे. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचा हिशोब २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग असा धरलेला आहे. एका तासाचे १०८० भाग. बाबा हा आकडा पाढ्यासारखा म्हणायचे. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस होतात, म्हणजे सूर्याच्या वर्षाला अकरा कमी. ते तसेच सोडले तर सण ऋतूंमधून फिरत राहतात, जसा रमजान फिरतो. पण पेसाहचा सण वसंतातच यायला हवा, अशी तोरेची, आमच्या धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा तेरावा महिना घालतात. मराठी पंचांगात ज्या चांद्रमासात संक्रांत पडत नाही तो अधिक, मग तो श्रावण असो की ज्येष्ठ. आमच्याकडे अधिक महिना ठरलेला : आदार. पहिला आदार, दुसरा आदार.

यामुळेच टेंभी नाक्यावर जे घडतं ते मला लहानपणी चमत्कार वाटायचं. २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला नाक्यावर देवी बसली, त्याच दिवशी आमचं रोश हशाना, नवं वर्ष. दसऱ्याला, १२ तारखेला, योम किप्पूरचा कडक उपास. कोजागरीला गच्च्यांवर दूध आटत होतं, त्या रात्री आमचा सुक्कोथचा सण सुरू झाला. २०२५ मध्येही दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला. तिश्रीची दशमी आणि आश्विनाची दशमी, चंद्र एकच.

२०२३ मध्ये मात्र मी चिकाचा हलवा घेऊन गेले, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुमचं नवं वर्ष देवीबरोबर असतं ना? अजून गणपतीही आले नाहीत!" मी म्हटलं, "काकू, तुमचा अधिक श्रावण होऊन गेला, आमचा अधिक महिना अजून यायचाय." त्यांनी नारळाच्या दुधाचा वास असलेली ती वडी तोंडात टाकली आणि समोर टांगलेल्या कालनिर्णयाची पानं मागेपुढे करून स्वतः खात्री करून घेतली. पुढच्या मार्चपर्यंत आमचा तेरावा महिना येऊन गेला, आणि होळी आणि आमचा पुरीमचा सण परत एका दिवशी आले.

तोच तेरावा महिना बाबांच्या बरसीला आडवा आला. ते गेले त्या वर्षी आदार एकच होता. २०२४ मध्ये दोन. मी फेब्रुवारीतच तयारी केली. २८ तारखेला पहिल्या आदारची १९ होती. मलिद्यासाठी पोहे, नारळ, खजूर सगळं आणलं. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हझानसाहेब म्हणाले, "थांबा. आपल्या रिवाजाने दुसरा आदार." सगळ्या ज्यूंमध्ये असं नाही, पुष्कळजण पहिल्यात पाळतात. मी दादाला इस्राएलमध्ये, लोदला फोन केला. तोही म्हणाला, दुसरा. मग महिनाभर थांबले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तयार झालेलं मन परत मागे घ्यायचं सोपं नसतं.

दादाशी फोनवर आणखी एक गोष्ट दरवर्षी होते. पेसाह त्यांचा सात दिवसांचा, आमचा आठ. पूर्वी चंद्र पाहिलेले साक्षीदार यरुशलेमला जायचे, तिथे महिना ठरायचा आणि निरोप्ये बाहेर पडायचे. लांबच्या वस्त्यांना निरोप वेळेत मिळत नसे, म्हणून त्यांनी एक दिवस जास्त धरायचा. आता गणित पक्कं आहे, चंद्र पाहायला कोणी डोंगरावर जात नाही, तरी आम्ही तो दिवस सोडलेला नाही. दादाकडे खमिराची पोळी भाजली जात असते, आणि आमच्याकडे अजून बिनखमिराची भाकरीच.

२०२६ मध्ये १९ आदार ८ मार्चला आली, रविवारी. म्हणजे बाबांचा दिवा शनिवारी संध्याकाळी लावायचा. पण शब्बाथ संपेपर्यंत काडी ओढता येत नाही, आणि तो संपतो आकाशात तीन तारे दिसल्यावर. मी काडेपेटी हातात धरून गॅलरीत उभी राहिले. दोन तारे लवकर दिसले. तिसऱ्याला समोरच्या टॉवरमागून वर यायला वेळ लागला.