सहा पस्तीस की सहा पंचेचाळीस

मुलगी सहा वर्षांची. तक्रार अशी, की गेले दोन महिने ती रात्री दहा-साडेदहापर्यंत झोपत नाही, सकाळी रडत उठते आणि वर्गात डुलक्या घेते. आई-वडिलांचा संशय टीव्हीवर होता. तीन आठवडे टीव्ही बंद ठेवूनही फरक पडला नाही, तेव्हा ते समुपदेशनासाठी माझ्याकडे आले. पहिल्या भेटीत एक अर्ज भरून घेते. त्यात "मुलीबरोबर रोज किती वेळ जातो?" या प्रश्नापुढे आईने लिहिलं होतं, दोन ते अडीच तास. वडिलांनी लिहिलं होतं, तीन तास. दोघांपैकी कुणीही खोटं लिहीत नव्हतं. असा सरळ प्रश्न आला की माणूस आपला चांगला दिवस आठवतो. रखडलेली गाडी, लांबलेली मीटिंग हे त्याच्या लेखी अपवाद, मग ते आठवड्यातून तीनदा का घडेनात.

म्हणून या उत्तरावर मी विसंबत नाही, तक्ता भरायला देते. एका दिवसाला एक कागद. पंधरा मिनिटांचा एक चौकोन, म्हणजे दिवसाचे ९६ चौकोन. एकाखाली एक तीन पट्ट्या: आई, वडील, मूल. दिवस मध्यरात्री नव्हे, पहाटे ४ वाजता सुरू होतो, म्हणजे उशिरापर्यंत जागलेली रात्र दोन कागदांत तुटत नाही. वेळेच्या वापराची मोठी सर्वेक्षणंही दिवस असाच ४ पासून मोजतात. भारतात २०१९ साली झालेल्या सर्वेक्षणात अर्ध्या तासाचे टप्पे होते, युरोपातल्या सर्वेक्षणांत दहा मिनिटांचे असतात. एका कुटुंबाचं कोडं सोडवायला अर्धा तास फार जाड पडतो, बस चुकली की मिळाली हे त्यात दिसतच नाही. दहा मिनिटांचा तक्ता मात्र नोकरदार लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. पंधरा मिनिटं निभतात.

तक्ता रात्री एकदम आठवून भरायचा नाही, दर तीन-चार तासांनी भरायचा. प्रवासाला तिरप्या रेघा. आणि चार वेळा घड्याळात बघून मिनिटासकट लिहायच्या: घराचं दार ओढलं ती, कामावरचं टेबल सोडलं ती, परत घराचं दार उघडलं ती आणि मूल झोपलं ती. "साधारण" हा शब्द बंद. एक आठवडा पुरत नाही, कारण त्यात काहीतरी वेगळं घडलेलं असतंच. चौदा दिवस लागतात.

तर त्या दिवशी दोघं चौदा कागद घेऊन आले. कागद नीट भरलेले होते, वडिलांचे चौकोन तर पट्टी लावून रंगवलेले.

आधी ढोबळ चित्र. वडील कारखान्यात, आठ ते पाच. सकाळी ६.२० ला बाहेर, संध्याकाळी ६.४० ला परत. येताना इमारतीतच असलेल्या पाळणाघरातून मुलीला घेऊन पावणेसातला घरात. आई एका कार्यालयात हिशेबाच्या कामावर, दहा ते साडेसहा. ८.२० ला दार ओढायचं आणि सगळं वेळेवर झालं तर ८.१० ला उघडायचं. म्हणजे नोकरी साडेआठ तासांची, घराबाहेरचा दिवस अकरा तास पन्नास मिनिटांचा. मधले तीन तास वीस मिनिटं कुठल्याच हजेरीपटावर नसतात. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच करारात उद्योगांसाठी दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आली, पण ती कामाच्या तासांची. घरच्या दारापासून कामाच्या दारापर्यंतचा वेळ ज्याचा त्याने आपल्या दिवसातून काढायचा. घरातलं मूल मात्र दार ते दार एवढंच मोजतं.

मुलगी साडेसहाला उठते, ७.२० ला शाळेची बस. त्या पन्नास मिनिटांत आई आणि मुलगी एकत्र असतात खऱ्या, पण चौकोनांत लिहिलेलं वाचा: उठवणं, अंघोळ, वेणी, डबा, बूट. हा वेळ कमी दर्जाचा आहे असं मी म्हणणार नाही. मात्र मुलाला त्यात बोलायला जागा मिळत नाही, प्रत्येक वाक्य "चल, लवकर"ने तुटतं. ज्याला गप्पा म्हणता येतील असे आई-मुलीचे चौकोन कामाच्या दिवशी सरासरी दोन निघाले. तीस मिनिटं. आईने ते स्वतः मोजले, पुन्हा मोजले आणि पेन खाली ठेवलं.

अशा वेळी घाई करू नये. मोजणी पुढे रेटली तर पालकाच्या हाती फक्त अपराधीपणा लागतो आणि पुढच्या वेळी तक्ता येत नाही. मी पाणी दिलं आणि मुलीच्या झोपेकडे वळले.

एका कोऱ्या कागदावर कामाचे दहा दिवस एकाखाली एक लिहिले. समोर दोन रकाने: आईने दार उघडलं ती वेळ आणि मुलगी झोपली ती वेळ. ८.०५ आणि ९.१५. ८.१० आणि ९.२०. ८.५० आणि ९.५५. ८.१० आणि ९.२०. ९.१५ आणि १०.२०. दुसऱ्या आठवड्यात ८.०५ आणि ९.१५, ८.४५ आणि ९.५०, ८.५० आणि १०.००, ८.१० आणि ९.१५, ९.२० आणि १०.३०. तिसऱ्या रकान्यात वजाबाकी मी वडिलांना करायला सांगितली. सत्तर, सत्तर, पासष्ट, सत्तर, पासष्ट. सातव्या-आठव्या ओळीपर्यंत त्यांचा आवाज बारीक झाला होता. दहाही दिवस पासष्ट नाही तर सत्तर.

मग सुट्टीचे चार दिवस काढले. चारही रात्री मुलगी नऊच्या आत झोपलेली, कटकट नाही.

टीव्हीचा यात काही संबंध नव्हता, हट्टाचाही नाही. मुलगी रोज आईकडून सव्वा तासाला थोडा कमी एवढा वेळ वसूल करत होती. आईला उशीर झाला की तो वेळ दुसरीकडून कुठून मिळणार? झोपेतूनच. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, असं निद्रातज्ज्ञ सांगतात. साडेसहाला उठणारं मूल साडेदहाला झोपलं तर आठच तास होतात. आठवड्यातून दोन-तीन रात्री नऊ तासही भरले नाहीत की वर्गातल्या डुलक्यांना वेगळं कारण शोधावं लागत नाही.

आईने १०.२० वर बोट ठेवलं. "या दिवशी मी तिला ओरडले होते. झोप म्हणून."

वडील म्हणाले, "पावणेआठ झाले की ती चप्पल घालून दाराशी बसते. आई आली की जिन्यापर्यंत जायचं असतं तिला. मी म्हणत असतो, येईलच आता."

हे "येईलच आता" महत्त्वाचं होतं. तक्त्यात वडिलांच्या आणि मुलीच्या पट्टीत पावणेआठपासून आई येईपर्यंतचे चौकोन बहुतेक दिवशी रिकामे होते. जेवण अडलेलं, खेळ अर्धवट. उशिराच्या दिवशी वाट बघण्यातच तास-दीड तास गेलेला. आई रोज ८.५० ला येते हे पक्कं ठाऊक असलं तर मूल त्याप्रमाणे जुळवून घेतं. ८.०५ ते ९.२० मध्ये कधीही येऊ शकते, हे जुळवून घेणं कुठल्याच वयात सोपं नाही. मुलं सरासरी धरत नाहीत, सगळ्यात लवकरची वेळ धरतात आणि तिथपासून थांबतात.

आता खरा प्रश्न आईच्या येण्याच्या वेळेचा. तिचं म्हणणं होतं, "गाड्यांचं काही खरं नसतं." चार वेळांपैकी टेबल सोडल्याची वेळ इथे उपयोगी पडते. टेबलापासून फलाटापर्यंत पंधरा मिनिटं, लिफ्टची वाट धरून. गाड्या ६.५० पासून दर पंधरा मिनिटांनी, प्रवास चाळीस मिनिटांचा. पलीकडे उतरल्यावर घराकडची बस ७.४० ला, मग थेट ८.२० ला, मग ८.५० ला. बसमध्ये आणि पायी मिळून पंचवीस ते तीस मिनिटं.

हे शेजारी शेजारी मांडलं की उत्तर दिसतं. ६.३५ ला टेबलावरून उठलं तर ६.५० ची गाडी, ७.३० ला उतरणं, ७.४० ची बस, ८.१० ला घर. ६.४५ ला उठलं तर ७.०५ ची गाडी, ७.४५ ला उतरणं. बस पाच मिनिटांपूर्वी गेलेली. पुढची ८.२० ची, घर ८.५०. टेबलावरची दहा मिनिटं घरी पोचेपर्यंत चाळीस होतात. आणि ७.१५ ला उठलं तरी ७.३५ ची गाडी आणि तीच ८.२० ची बस, म्हणजे पुन्हा ८.५०. पावणेसातला घाईघाईने निघालेली बाई आणि सव्वासातला शांतपणे निघालेली बाई एकाच बसमधून घरी येतात. आई इतकी वर्षं हा प्रवास करत होती, पण तिला हे असं कधी दिसलं नव्हतं. दोष नव्हताच तिचा. आपण गाडी आणि बस वेगवेगळ्या लक्षात ठेवतो, सांधा लक्षात ठेवत नाही.

दहापैकी पाच दिवस ६.३५ हुकलं होतं. पाचही दिवशी कारण एकच: सव्वासहाला दिवसाच्या आकड्यांचा आढावा, जो कागदोपत्री पंधरा मिनिटांचा.

उपाय ठरवताना पहिल्यांदा सुचतं ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. वडील म्हणाले, साडेनऊ ते सहा करून घे. पण आढावा सव्वासहाला असताना सहाला सुटी होऊन उपयोग काय? ती थांबणारच, आणि सकाळी अर्धा तास लवकर निघावं लागेल ते वेगळंच. लवचिक वेळ मागताना बरेच पालक इथेच फसतात: हजेरीची वेळ बदलून घेतात, पण दिवसाचं शेवटचं काम जागचं हलत नाही.

आईला सुचलं, आढावा गाडीतून फोनवर घेईन. हा उपाय मी अनेक घरांत बघितला आहे आणि त्याची मला धास्ती वाटते. गाडीत आवाज तुटतो, विषय लांबतो आणि माणूस फोन कानाला लावूनच दार उघडतो. तक्त्यात चौकोन भरतो, "घरी" असं लिहिलं जातं, पण मुलाच्या दृष्टीने आई अजून आलेली नसते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन आणि ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. असा नियम करावा लागला, कारण काम घरापर्यंत पाठलाग करतं.

तिसरा मार्ग आढावाच हलवण्याचा. मी विचारलं, तो सव्वासहालाच का? कारण आकडे सहाला बंद होतात. सहाला का? ते कुणालाच माहीत नव्हतं. पाच ते सहामध्ये किती नोंदी येतात? मोजाव्या लागतील, म्हणाली. तिने आठवडाभर मोजल्या, तर रोज सात-आठ. त्या दुसऱ्या दिवशीच्या खात्यात टाकता येत होत्या, फक्त महिन्याचा शेवटचा दिवस सोडून. साहेबांकडे जाताना "मला घरी लवकर जायचं आहे" असं सुरू करू नका, एवढंच मी सुचवलं. आकडे पाचला बंद, आढावा साडेपाचला, चुका सापडल्या तर त्याच दिवशी दुरुस्त करायला तास हातात, असं मांडा. ते खरंही होतं. होकार मिळाला.

दुसरी दुरुस्ती घरातली. ७.३५ च्या सुमारास आईने एवढाच निरोप द्यायचा: "मिळाली" किंवा "नाही". मिळाली तर ८.१०, नाही तर ८.५०. वडिलांनी मुलीला घड्याळातली वेळ दाखवायची, "येईलच आता" म्हणायचं नाही. आणि "नाही" आलं तर वाट बघायची नाही: आठला जेवण, तोंड धुणं, अंथरूण. आईच्या वाट्याला अंथरुणातली वीस मिनिटं येतील, ९.१० ला दिवा बंद.

याला आईने विरोध केला. "म्हणजे माझ्याशिवाय सगळं उरकून घ्यायचं?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिची कळ समजण्यासारखी होती. उशीर झाल्यावर निदान घर आपल्यासाठी थांबलंय, हाच तिचा आधार होता. मी तिला १०.३० ची ओळ पुन्हा दाखवली आणि विचारलं, त्या सत्तर मिनिटांतली किती आठवतात? ती म्हणाली, ताट वाढलेलं आणि भांडलेलं. मग तयार झाली, एक महिन्यासाठी.

साडेतीन आठवड्यांनी पुन्हा चौदा कागद आले. दहा दिवसांपैकी आठ दिवस ८.०५ ते ८.१०, दोन दिवस ८.५०. एकदा महिनाअखेर, एकदा गाडीच उशिरा आली होती. त्या दोन रात्री मुलगी ९.२५ आणि ९.१० ला झोपली. पहिल्या खेपेला रडली होती, दुसऱ्या खेपेला नाही. लवकरच्या दिवशी झोप नऊ ते सव्वानऊ. दाराशी बसणं सुरूच होतं, पण आठ वाजता; तोपर्यंतच्या चौकोनांत चित्र, पाढे, ठोकळे असं काहीबाही लिहिलेलं होतं.

वडील त्यांच्या पट्टीकडे बघत होते. मुलीबरोबरचे सकाळचे सगळे चौकोन कोरे. पाच दिवस, दोन आठवडे, मुलगी उठायच्या दहा मिनिटं आधी दार ओढलेलं. कारखान्याची बस पुढच्या चौकातही थांबते का आणि तिथे ती किती वाजता येते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी दोन कोरे तक्ते मागून घेतले.