मुंबई नाही, मग नैरोबी

सीए झालो, पुण्यातल्या एका केपीओत (परदेशी कंपन्यांसाठी विश्लेषणाचं काम करणाऱ्या कंपनीत) तीन वर्षं व्हॅल्युएशनची, म्हणजे कंपन्यांची किंमत काढायची, मॉडेलं बनवली आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार जुळवणाऱ्या मुंबईतल्या इन्व्हेस्टमेंट बँकांचे नकार पचवायला शिकलो. आयआयएमचा शिक्का नाही, हेच प्रत्येकाने वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. 2019 उजाडलं तेव्हा म्हटलं, जिथे माझ्यासारख्यांची रांग नाही अशा ठिकाणी जाऊन बघू.

केनियात 'इन्व्हेस्टमेंट बँक' हा परवान्याचाच एक प्रकार आहे. कॅपिटल मार्केट्स अथॉरिटीच्या, म्हणजे तिथल्या सेबीच्या, साइटवर परवानाधारकांची यादी सापडली, ती उतरवून घेतली आणि एकेकाला मेल टाकत सुटलो. मेलमध्ये नोकरीची विनवणी नव्हती. नैरोबी शेअर बाजारातल्या एका सिमेंट कंपनीवर लिहिलेलं दोन पानी टिपण जोडलं होतं. चार उत्तरं आली, मुलाखत एकच.

तिथे माती खाल्ली. चाचणीत कंपनीची किंमत काढायची होती. कॅशफ्लो केनियन शिलिंगमध्ये होता आणि तो आजच्या किमतीत आणायला मी जोखीममुक्त दर (सरकारी रोख्यावरचा परतावा) धरला अमेरिकी रोख्याचा, अडीच टक्के. स्काइपवर पलीकडे बसलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "नफा शिलिंगमध्ये आणि दर डॉलरचा?" केनियाच्या दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावरच तेव्हा बारा टक्क्यांच्या आसपास परतावा होता. दर कमी धरला की किंमत फुगते, म्हणजे कंपनीची किंमत मी अव्वाच्या सव्वा काढून ठेवली होती. सारवासारव केली नाही, त्यांच्यासमोरच गणित पुन्हा मांडलं. नोकरी बहुधा त्या दहा मिनिटांनीच दिली.

मग वर्क परमिट. क्लास डी, म्हणजे परदेशी नोकरदाराचं परमिट, मिळवायला कंपनीला दाखवावं लागतं की हे काम करणारा स्थानिक माणूस मिळत नाही, शिवाय तुमच्याकडून काम शिकून घेणारा एक केनियनही नेमावा लागतो. यात गैर काही नाही, वेळ मात्र जातो. परमिट हातात येण्याआधी राजीनामा देऊ नका. मी दिला आणि तीन महिने घरी बसलो. आई सोसायटीत सगळ्यांना "पुढच्या आठवड्यात जातोय" सांगून थकली. यलो फीव्हरची लसही निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

नैरोबीचा बाजार साठेक कंपन्यांचा आणि मी गेलो तेव्हा त्यातलं जवळपास निम्मं मूल्य सफारीकॉम या एकट्या मोबाइल कंपनीचं. 2008 चा तिचा आयपीओ लोक अजून लग्नातल्या जेवणासारखा आठवतात. त्यामुळे किंमत ठरवताना तुलनेला कंपन्या शोधायला बसलं की यादी दोन ओळींत संपते. खरं काम असतं कुटुंबांच्या मालकीचे धंदे प्रायव्हेट इक्विटी फंडांना, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशातून कंपन्या विकत घेणाऱ्या फंडांना, विकण्याचं. या फंडांमागे बऱ्याचदा युरोपातल्या सरकारी विकास-वित्त संस्थांचा पैसा असतो, म्हणून नफ्याइतकेच प्रश्न सांडपाण्यावर आणि कंत्राटी कामगारांवर येतात.

पहिलं डील इंडस्ट्रियल एरियातल्या एका प्लास्टिक कारखान्याचं. मालक सत्तरीतले गुजराती काका. मी लॅपटॉप उघडला तर म्हणाले, "बेटा, पहले चाय." तिसऱ्या कपाला सहज बोलून गेले की गोडाऊनखालची जमीन कंपनीच्या नव्हे, वारलेल्या भावाच्या नावावर आहे. डेटा रूममधल्या, म्हणजे खरेदीदारासाठी ठेवलेल्या कंपनीच्या कागदपत्रांतल्या, दोनशे फायलींत हे कुठेच नव्हतं. पुढचे पाच महिने त्या जमिनीतच गेले. मुंबईत असतो तर एवढ्या ज्युनिअरला त्या खोलीत कोणी बसू दिलं असतं असं मला वाटत नाही, आणि लहान बाजारात येण्याचं माझ्या लेखी हेच एक खरं कारण आहे. पगारासाठी येऊ नका.

सही व्हायला चौदा महिने लागले. गेल्या वर्षी मुंबईच्या एका रिक्रूटरचा फोन आला. त्याने आधी डील साइझ विचारला.

"नऊ मिलियन डॉलर."

"नव्वद ना?"

"नऊ."

"कळवतो," म्हणाला.